‘जान है क्या?’ : शिकारकथेने न ऐकलेला प्रश्न

आमच्या शाळेत एका लोखंडी कपाटाला ग्रंथालय म्हणतात. उर्दू माध्यमाच्या शाळांतून शिकवणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. त्या कपाटात जुन्या उर्दू डायजेस्टांचे गठ्ठे आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अंकांत एखादी तरी शिकारकथा आहे. नरभक्षक वाघ, मचाण, खाली बांधलेले रेडकू, पानांची सळसळ आणि शेवटी एक गोळी. मागच्या वर्षी एका ऑफ तासाला नववीच्या मुलांना आम्ही अशीच एक कथा वाचून दाखवली. वाघ पडला, गावकऱ्यांनी शिकाऱ्याला खांद्यावर घेतले, कथा संपली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, फिर उसको खाए क्या?” वर्ग हसला. “शेर को कोई खाता क्या रे?” म्हणून दुसऱ्याने त्याला गप्प केले. आम्हीही हसलो.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. तो मुलगा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून येतो. त्याच्या घरी शिकार हा शब्द निघाला तर तो तितर, लावा, ससा यांच्याच संदर्भात निघतो आणि त्याचा शेवट चुलीवर होतो. शिकार केली तर खाल्ले काय, हा त्याच्यासाठी सरळ प्रश्न होता. आम्ही इतकी वर्षे शिकारकथा वाचल्या, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. या लेखात आम्ही मराठी, उर्दू आणि काही इंग्रजी शिकारलेखनाकडे त्या मुलाच्या बाकावरून पाहणार आहोत. मोठी शिकार आणि मोठी रायफल यांच्यामागे जी लहान शिकार आणि लहान रायफल झाकली गेली, तिचे साहित्यात काय झाले, आणि त्यात आपल्या समाजाचे काय राहून गेले, एवढाच प्रश्न आहे.

आधी या लहान रायफलीची ओळख करून देणे भाग आहे. आमचे आजोळ औसा तालुक्यातले. नानांकडे परवान्याची पॉइंट टू टू रायफल होती. आम्ही ती पाहिली ती फक्त निवडणुकीच्या दिवसांत. आचारसंहिता लागली की नाना ती जुन्या चादरीत गुंडाळून जमा करायला नेत आणि निकाल लागल्यावर परत आणत. ती चाललेली आम्ही कधीच पाहिली नाही, कारण आम्हाला समज आली तेव्हा कायद्याने शिकार पूर्ण बंद केली होती. म्हणजे या विषयातले आमचे ज्ञान ऐकीव आहे. पण ज्यांच्याकडून ऐकले ते स्वतः चाप ओढणारे, पक्षी आणायला धावणारे आणि तो शिजवणारे होते.

पॉइंट टू टू म्हणजे नळीचे भोक इंचाच्या शंभरातल्या बावीस भागांएवढे, साधारण साडेपाच मिलिमीटर. तिच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याचा आघात त्या कडेवर होतो. आज जे काडतूस जगभर चालते ते ‘लाँग रायफल’ १८८७ साली अमेरिकेत निघाले. त्याची शिशाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. बारा बोअरची पितळी काडतुसे लोक घरी दारू आणि छर्रे भरून पुन्हा वापरत. हे काडतूस एकदा उडाले की संपले. म्हणून प्रत्येक गोळी मोजून. आवाज लहान, धक्का जवळजवळ नाही, पण गोळी मैलभराहून लांब जाऊ शकते. त्यामुळे उडत्या पक्ष्यावर किंवा झाडाच्या शेंड्यावर ती झाडायची नसते. जनावर जमिनीवर हवे आणि त्याच्यामागे बांध किंवा टेकाड हवे. सपाट ज्वारीच्या रानात हे बंधन फार मोठे. नाना म्हणत, “तीतर बाद में देख, पीछे कौन है वो पहले देख.” आफ्रिकेतल्या सफारीवरही या रायफलीचे काम हेच असे. सिंह, म्हैस, हत्ती यांच्यासाठी मोठ्या बोअरच्या रायफली, आणि तळावरच्या पातेल्यासाठी गिनी कोंबड्या, तितर, ससे मिळवायला ही लहान रायफल. मोठ्या रायफलीने तितर मारला तर हाती पिसेच येतील. छर्ऱ्याची बंदूक पक्षी पाडते, पण जेवताना छर्रा दाताखाली येतो. पॉइंट टू टूने एकच बारीक भोक पडते आणि मांस शाबूत राहते.

जाता जाता एक शब्दांची गोष्ट. सफारी हा शब्द स्वाहिलीतला, म्हणजे प्रवास, आणि मुळात तो अरबी ‘सफर’. शिकार हा शब्द फारसी. बंदूक हा शब्द अरबीतून आलेला, आणि तोफा-रायफलींच्या आधी ‘बुंदुका’ म्हणजे मातीची भाजलेली गोळी, पाखरे मारण्याची. शब्द सगळे आपल्या ओळखीचे. त्या शब्दांनी लिहिलेल्या कथांमध्ये मात्र आपण कुठे दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. वाघाच्या कथेत बार झाल्यावर काय होते? शिकारी मचाणावर थांबतो. वाघ खरेच मेला का, हे पाहायला लांबून दगड मारले जातात. दगड लागूनही हालचाल झाली नाही की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे बार झाल्यानंतरचा प्रश्न असतो, “मेला का?” आमच्या नानांच्या शिकारीत बार झाला की माझे मामू, तेव्हा दहा-बारा वर्षांचे, हातात सुरी घेऊन काट्याकुट्यांतून धावत आणि मागून नाना ओरडत, “जान है क्या? अरे जान है क्या उसमें?” एकीकडे जनावर जिवंत असण्याची भीती, तर दुसरीकडे ते मेलेले असण्याची.

वाचकांना कारण सांगायला नको. तरी साहित्याच्या चर्चेत ते आजवर आलेले नाही म्हणून मांडतो. शिकारीचे नियम फिकाहमध्ये तपशिलाने आहेत. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेला बाण धारेने लागला तर जनावर खाता येते. आडवा, नुसत्या माराने लागला तर येत नाही, असे अदी इब्न हातिम यांच्या प्रसिद्ध हदीसवरून ठरते. मातीच्या गोळीने, म्हणजे त्या जुन्या ‘बुंदुका’ने मेलेले जनावर आपटून मेलेल्यासारखे मानले गेले. बंदूक आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की शिशाची गोळी बाणात धरायची की ढेकळात? आपल्या उपखंडातल्या हनफी उलेमांनी सर्वसाधारणपणे ती दुसऱ्या प्रकारात धरली. म्हणजे गोळी लागलेले जनावर जिवंत हाती लागले आणि त्याच्यावर सुरी फिरली तरच ते हलाल. येमेनचे शौकानी आणि अलीकडचे अनेक अरब विद्वान गोळी आरपार भेदते म्हणून तिला बाणासारखी मानतात. आम्ही इथे कोणताही निवाडा देत नाही. तो आमचा अधिकार नाही. आम्हाला दिसतो तो या नियमातून उभा राहिलेला पेच, आणि तो अस्सल साहित्याचा पेच आहे.

कारण असे की, इंग्रजी शिकारनीतीत उत्तम नेमबाज तो, ज्याच्या गोळीने जनावर जागच्या जागी मरते. जखमी जनावर तडफडत ठेवणे ही नामुष्की. या नीतीत दया आहे, हे मान्यच केले पाहिजे. आमच्या घरातल्या नीतीत मात्र नेम फार उत्तम लागला आणि तितर जागीच गेला तर तो वाया. नेम थोडा चुकला आणि पक्षी पंखात जखमी झाला तर घरी सालन शिजणार. म्हणजे ज्याचा हात चांगला त्याचे ताट रिकामे! नाना तितराच्या डोक्यावर नेम धरू शकत होते असे मामू सांगतात, पण ते तसा नेम धरत नसत. मग पक्षी तडफडण्याचा तो वेळ कमीत कमी व्हावा म्हणून मुलाला पळवत. मामूंच्या पायांत तेव्हाचे बाभळीचे काटे असत, आणि आज साठी उलटल्यावरही ते सांगतात की पळताना त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी वाटत : तो जिवंत सापडावा, आणि त्याने फार वेळ तडफडू नये. दया आणि भूक एकाच पोराच्या पायांत धावत आहेत. हा क्षण मराठी शिकारकथेत कुणी लिहिला आहे का? आमच्या वाचनात तो आलेला नाही, आणि उर्दू डायजेस्टांतही आलेला नाही.

जगातल्या मोठ्या लेखकांनी लहान बंदुकीचे काय केले, ते पाहू. जिम कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली आले आणि शिकारकथेचा साचा त्याने पक्का केला. पुढे उर्दू डायजेस्टांनी आणि मराठी अनुवादांनी तोच साचा उचलला. पण कॉर्बेट यांचे १९५३ चे ‘जंगल लोअर’ फार कमी लोक वाचतात. त्यात बेचकी आहे, धनुष्यबाण आहे, एक नळी फुटलेली ठासणीची दुनळी बंदूक आहे. लहान हत्यारांनी आणि लहान पाखरांवर एक पोर जंगल वाचायला शिकते. आमच्या मते कॉर्बेट यांचे ते अधिक खरे पुस्तक आहे, कारण त्यात शौर्याआधी शिकणे येते. तरी त्या पोराला पाखराची गरज शिकण्यासाठी आणि संग्रहासाठी आहे. घरातले पातेले त्याची वाट पाहत नाही.

दुसरे उदाहरण जॉर्ज ऑर्वेल यांचे. ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ हा त्यांचा १९३६ चा निबंध. ब्रह्मदेशातल्या मौलमेन गावी पोलीस अधिकारी असताना एका माजलेल्या हत्तीची खबर येते. ते आधी हातात घेतात ती हत्तीसाठी अगदीच लहान असलेली विंचेस्टर रायफल. मग मोठी रायफल मागवली जाते आणि मोठी रायफल हातात आली म्हणूनच मागे हजारोंचा जमाव जमतो. जमावाच्या अपेक्षेपुढे गोरा साहेब स्वतःच्या मनाविरुद्ध हत्तीला गोळी घालतो. हत्ती मरत नाही. तेव्हा पुन्हा ती लहान रायफल येते आणि तिच्या गोळ्यांमागून गोळ्या वाया जातात. साहेबाला ते पाहवत नाही, तो निघून जातो. आणि मागे लोक मांस काढून नेतात, संध्याकाळच्या आत सांगाडा उरतो. आम्ही ऑर्वेल यांना मोठे मानतो ते यासाठी की त्यांनी बार झाल्यानंतरची अर्धी वाट तरी चालून दाखवली. पण मांस नेणाऱ्या लोकांच्या घरापर्यंत ते जात नाहीत. त्यांच्या टोपल्यांकडे ते लांबूनच पाहतात. त्या टोपल्यांच्या बाजूने लिहिलेला निबंध अजून बाकी आहे.

तिसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ हे १९३५ चे पुस्तक त्यांच्या पूर्व आफ्रिकेतल्या सफारीवर आहे. त्यांच्या ताफ्यात चारो नावाचा एक मुसलमान आहे. सफारीत रमजान येतो. चारो दिवसभर रोजा धरून उन्हात चालतो आणि मावळतीला सूर्याकडे बघत चहाची बाटली चाचपत असतो. हेमिंग्वे यांच्या डोळ्यांनी हे टिपले याचा आम्हाला आनंद वाटतो. पण पुस्तक कुडूच्या शिंगांच्या मापाकडे वळते आणि चारो पुन्हा रांगेत जाऊन चालू लागतो. शिंगे किती इंच हा त्या पुस्तकाचा ध्यास आहे; चारोने त्या संध्याकाळी कशावर रोजा सोडला, हा प्रश्न पुस्तकाच्या बाहेर राहतो. मोठ्या शिकारीचे साहित्य हे मापांचे साहित्य असते. लहान शिकारीला माप नसते. भिंतीवर तितराचे डोके कुणी लावत नाही.

आता मराठीकडे. व्यंकटेश माडगूळकर हे या बाबतीत आमचे सर्वांत जवळचे लेखक. ते स्वतः बंदूक घेऊन रानात हिंडलेले, आणि पुढे बंदूक ठेवून दुर्बीण आणि चित्रवही हाती घेणारे. ‘जंगलातील दिवस’, ‘नागझिरा’ आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे ‘सत्तांतर’ यांतून मराठी वाचकाला रान म्हणजे वाघ एवढेच नव्हे, हे प्रथम नीट कळले. त्याच १९८३ साली ते अंबाजोगाईला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे आमच्या लातूरच्या उशाशी. माणदेशाचे उजाड माळ आणि आमचा औसा-निलंग्याकडचा माळ यांत फारसा फरक नाही. तेच तितर, तेच होले, तेच ससे. म्हणून त्यांच्या पानांवर आम्हाला घर सापडते. माडगूळकरांनी रानातल्या लहान जीवांना मराठी गद्यात मान दिला. पण त्यांच्याकडेही पारडे निरीक्षणाकडे झुकत गेले. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारीच. त्यांच्या लेखनात पाखरांची नावे, घरटी, ऋतू यांचा खजिना आहे आणि त्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना ते वाचायला लावतो. मात्र दोघांकडेही सुरी घेऊन धावणारा आमचा मामू येत नाही. याचा त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी जे जगले ते लिहिले. दोष असेल तर जगूनही न लिहिणाऱ्यांचा.

भूक लिहिली ती मराठी आत्मकथनांनी. लातूरचेच लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. त्यानंतर मराठवाड्याच्या माळावर माणूस काय खाऊन जगतो, हे विचारायचे धैर्य मराठीला आले असे आम्ही मानतो. फासेपारध्यांचेच पाहा. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, ते पारधी तितर फाशात जिवंत धरीत. जुनी माणसे सांगतात की आठवडी बाजारात पारध्यांकडून जिवंत तितर घेणारी गिऱ्हाइके बरीचशी मुसलमान असत, कारण जिवंत पाखरात हलालचा प्रश्न सुटलेला असे. पारध्याचा फासा आणि मोमिनाची सुरी यांचे असे नाते होते. एकाला दुसऱ्याची गरज होती आणि दोघेही गावाच्या कडेला होते. या नात्यावर एक तरी मराठी कथा असायला हवी होती.

उर्दूत डायजेस्टांच्या पलीकडे एक नाव घेतलेच पाहिजे : सय्यद रफीक हुसैन. त्यांच्या ‘आईना-ए-हैरत’ या संग्रहात प्राणी हीच पात्रे आहेत आणि माणूस त्यांच्या नजरेतून दिसतो. व्यवसायाने इंजिनिअर असलेल्या या माणसाने उर्दूत जे केले, ते पाहून वाटते की वाट होती. पण आपल्या घरांत पोहोचले ते मचाणवाले डायजेस्ट. रफीक हुसैन पोहोचले नाहीत. आमच्या कपाटातही ते नाहीत.

मग आपण का लिहिले नाही? याला एक कारण भूगोलाचे आहे. नांदेड जिल्ह्यात वाघाचे जंगल किनवट-माहूरकडे. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. निजामी काळात तिथली मोठी शिकार अमीर-उमरावांची आणि त्यांच्या पाहुण्यांची, आणि आपल्यासारखी माणसे हाका घालणाऱ्यांत. कंधार, मुखेड, उदगीर, निलंगा इथे मोठी शिकार नव्हतीच. ‘शिकार म्हणजे वाघ’ अशी व्याख्या मान्य केली की या साऱ्या मुलुखाला सांगण्यासारखे काही उरत नाही. आणि ती व्याख्या आपण निमूट मान्य केली.

दुसरे कारण अधिक दुखरे आहे. १९४८ च्या सप्टेंबरनंतर या भागात काय झाले, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते, आणि पोलीस कारवाईनंतर सामान्य मुसलमानांवर जे ओढवले तेही खरे होते. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही होते. आजचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये त्याच उस्मानाबादेतून निघाला. त्या दिवसांत नानांच्या वडिलांनी ठासणीची जुनी बंदूक स्वतः नेऊन जमा केली. ती परत आली नाही आणि त्यांनी ती परत मागितलीही नाही. तेव्हापासून मुसलमानाच्या हातातली बंदूक म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते, आणि पुढच्या काळातल्या सिनेमांनी, बातम्यांनी ते आणखी गडद केले. नानांना नवी रायफल मिळाली ती बऱ्याच वर्षांनी, पिकांच्या राखणीसाठी, आणि तिच्याबद्दल घराबाहेर बोलायचे नाही हा घरचा नियम होता. जिच्याबद्दल बोलायचे नाही तिच्याबद्दल लिहिणार कोण? तितर मारून घरी आणणारा, मुलाला आधी मागे कोण आहे ते पाहायला शिकवणारा मुसलमान बंदूकधारी साहित्यात आला असता तर त्या एका चित्राशेजारी दुसरे चित्र उभे राहिले असते. भीतीने आपण ते उभे केले नाही.

तिसरे कारण भाषेचे. नानांची शिकार दखनीत घडली, आम्ही उर्दूत शिकलो, आणि लिहितो आहोत मराठीत. ‘आधा तीतर, आधा बटेर’ ही म्हण आम्हाला दोन्हीकडून ऐकावी लागते. उर्दूवाले म्हणतात तुमची उर्दू दखनी, मराठीवाले विचारतात तुम्हाला इतके चांगले मराठी कसे येते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आपण तलाक, दंगली, गरिबी, ओळख या प्रश्नांवर लिहिले. ते आवश्यकच होते. पण प्रश्नांच्या साहित्यात घरातले सालन, रानातली पायवाट, ओल्या पंखांचा वास यांना जागा मिळाली नाही. आपणही आपल्या जगण्यातले फक्त मोठे जनावरच शोधत राहिलो.

इथे एक इशारा आम्ही स्वतःलाच देतो. हे लिहिताना जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी ‘लहान शिकार’ नावाचा वेगळा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करण्याची ती व्यवस्थाच संपली. आज तितर किंवा ससा मारणे गुन्हा आहे आणि तो गुन्हा असणे योग्य आहे. माळ नांगरले गेले, ऊस आणि सोयाबीन आले, बांधावरची झुडपे गेली. उरलेली पाखरे वाचलीच पाहिजेत. आमची मागणी हत्यार परत मिळण्याची नाही, आठवण लिहिली जाण्याची आहे. आणि ती लिहायची तर तिच्यातल्या चुकांसकट. हाती न लागता जाळीत शिरून मेलेले जखमी पाखरू, नेम चांगला लागला म्हणून टाकून दिलेला तितर, हे सगळे त्यात आले पाहिजे. शिकार दाखवून बढाई मारणारी कथा आपल्याकडे पुरेशी आहे.

अशी एक आठवण नानीची. उन्हाळ्याच्या तोंडी नानांनी एक तितर आणला होता. मामूंच्या सुरीने तो वेळेत हलाल झालेला. नानी साफ करायला बसली आणि पोटात तिला अंडी सापडली, एक तर पूर्ण कवच आलेले. तिने सुरी बाजूला ठेवली, हात धुतले आणि नानांना हाक मारून ते दाखवले. काही बोलली नाही. त्या दिवशी घरात डाळ शिजली. नंतर दर वर्षी त्या महिन्यांत रायफल पेटीतून बाहेर निघाली नाही, असे मामू सांगतात. फिकाहच्या दृष्टीने तो तितर खायला काहीच हरकत नव्हती. कायद्याचीही तेव्हा घरात कुणाला भीती नव्हती. नानीचा हात ज्या गोष्टीने थांबवला, ती लिहिणे हे साहित्याचे काम आहे.

या सत्रात आम्ही नववीच्या मुलांना एक गृहपाठ दिला. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे की त्यांनी रानातून खायला काय काय आणले आणि ते कसे शिजवले, आणि उत्तर मराठीत लिहून आणायचे. निम्म्या मुलांनी काहीच आणले नाही. काहींनी दोन ओळी आणल्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने पाऊण पान लिहून आणले आहे. शुद्धलेखनाच्या चुका बावीस आहेत. त्याच्या पणजोबांनी ससा आणला होता आणि घरात माणसे चौदा होती, तर कुणाला काय मिळाले याची त्याने यादी केली आहे. शेवटी पणजीच्या नावापुढे त्याने ‘रस्सा’ एवढेच लिहिले आहे.

चुका आम्ही लाल शाईने दुरुस्त केल्या. ती यादी तशीच ठेवली.